डाव्या बाजूला कन्नड, उजव्या बाजूला मराठी

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोन्हीकडची पोरं दारात येतील, आणि आमच्या दाराला कडी धड नाही. पिरनवाडी मागं पडली की खानापूर रोडवरून आत एक फाटा जातो. त्या बाजूला कुठंतरी, एवढं पुरे.

मी सौम्या. तिथल्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. उतारे काढते, दाखले काढते, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर दाबून घेते, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मलाच. सगळं कंत्राटावर. कायम व्हायचं तर दोन गोष्टी लागतात, सदस्यांचा ठराव आणि पीडीओंची सही. ठराव म्हणजे नागोजी अण्णा. कागदावर अध्यक्ष त्यांची बायको आहे, कारण जागा राखीव. पण खुर्चीवर अण्णा बसतात आणि काकू घरात भाकऱ्या थापतात. पीडीओ म्हणजे पंचायतीचे सरकारी अधिकारी, ईरण्णा साहेब, गोकाककडचे. अण्णा मराठी, साहेब कन्नड. माझा प्रस्ताव ह्या दोघांच्या मध्ये पडून होता. एकाचं मिळालं आणि दुसऱ्याचं नाही मिळालं तर त्या कागदात भजी बांधायची.

आमचे आप्पा मच्छे गावच्या लोखंडाच्या फाउंड्रीत होते. आता घरी असतात. घर माझ्या पगारावर चालतं. म्हणून ही नोकरी मला हवी होती, आणि म्हणून ह्या दोघांनाही मी हवी तशी वाकवता येत होते. हे दोघांनाही माहीत होतं.

तर झालं असं. पाण्याची टाकी धुवायची होती आणि मोठी पाईप बदलायची होती. मंगळवारी सकाळपासून शुक्रवारपर्यंत नळाला पाणी येणार नव्हतं. कचऱ्याच्या गाडीवर सूचना लावायची, आवाज माझा. आधीपासून माझाच असतो.

"मोदलु कन्नड," साहेब म्हणाले. आधी कन्नड. नियम आहे, वरून पत्र आहे, भांडण नको.

मी बाहेर आले तर पायरीवर अण्णा. "आधी मराठी लाव. गावात मराठी घरं किती हाईत, बघ जरा मोजून. आन् मी सांगितलं म्हणून सांगू नको कुणाला."

दोघांनाही मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

गेल्या खेपेला मी एकामागून एक भरलं होतं. कन्नड, मग मराठी, मग परत कन्नड, असं गोल. गोलाला सुरुवात नसते असं मला वाटलं होतं. पण गाडी ज्या गल्लीच्या तोंडाला पोचेल तिथं कुठली तरी एक भाषा चालू असतेच. देवळाच्या गल्लीत कन्नड लागली म्हणून अण्णांच्या पोरांनी गाडी अडवली. वरच्या गल्लीत मराठी लागली म्हणून तिकडच्या कन्नड पोरांनी व्हिडिओ काढला. दिवसभर कचरा तसाच कुजत राहिला, आणि दोन्हीकडच्यांनी तो नाकाला रुमाल लावून अभिमानानं हुंगला.

ह्या वेळी मी डोकं चालवलं. कचऱ्याच्या गाडीला दोन भोंगे आहेत. एक टपावर पुढं तोंड करून, एक मागं तोंड करून. गाडीच्या टेपमधून दोन वायरी निघतात. डाव्या वायरीला पुढचा भोंगा, उजव्या वायरीला मागचा. मी दोन्ही भाषांत सूचना बोलले, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकाच फाईलमध्ये कन्नड सगळी डाव्या बाजूला सरकवली, मराठी सगळी उजव्या बाजूला. दोन्ही एकाच क्षणाला सुरू होतात, एकाच क्षणाला संपतात. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. हे कसं करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, मोबाईलवर बघून बघून शिकले होते. त्या रविवारी मला वाटलं, मी जिंकले.

कचऱ्याची गाडी मंगल आक्का चालवते. महिला संघाची गाडी आहे, ड्रायव्हर बाईच. तिला मी सगळं समजावलं.

"म्हंजे गाडी येताना कन्नड, आन् जाताना मराठी?"

"व्हय."

"आन् गाडीच्या बगलंला उभारलेला माणूस?"

"त्यानं पुढं सरकायचं न्हाईतर मागं."

"आन् मी रिव्हर्स घेतली तर गं?"

 ती स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. "बाई, बाई! रिव्हर्स घेतली तर मला जेलात घालतील गं हे!"

संध्याकाळी घरी आप्पांच्या कानात इयरफोन घातले आणि फाईल लावली. आप्पांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "झकास झालंय. पर कन्नड कुठाय?"

आप्पांचा डावा कान फाउंड्रीच्या आवाजानं खाल्लाय. आई हसली, मीही हसले. तिथंच कळायला हवं होतं. एका कानानं ऐकणारा माणूस आमच्या घरात एकच होता. पंचायतीत सगळेच तसले.

मी फाईल पंचायतीच्या ग्रुपवर टाकली, पेन ड्राइव्हमध्ये भरून मंगल आक्काला दिली आणि झोपले.

सोमवारी सकाळी गाडी निघाली. अर्धं गाव झालं नसेल तोवर अण्णांचा फोन. "घराकडं ये. आत्ता."

अण्णांच्या अंगणात खुर्च्या टाकलेल्या होत्या. खुर्च्यांवर त्यांची माणसं, चहाचे रिकामे कप, आणि मधल्या स्टुलावर एक लाल ब्लूटूथ पेटी, मुलानं गोव्याहून आणलेली. अण्णांनी मोबाईलवर बोट टेकवलं. पेटीतून माझाच आवाज आला. स्वच्छ, ठणठणीत कन्नड. मराठीचा एक शब्द नाही.

"ऐकलंस?"

"व्हय अण्णा."

"काय ऐकलंस?"

"कन्नड."

"मराठी कुठं गेली?"

"हाय अण्णा, फाईलीत हाय. उजव्या बाजूला हाय. ह्या पेटीत एकच स्पीकर, त्यो डावी बाजूच उचलतोय."

"माझ्या पेटीत खोट काढतीस?" अण्णांनी माणसांकडं बघितलं. माणसं हसली. त्यांना हसायलाच बसवलं होतं.

"खोट न्हाय अण्णा. तुम्ही हीच फाईल इयरफोन घालून ऐका. दोन्ही येतात."

"गावानं काय इयरफोन घालून फिरायचं व्हय? तुझ्या सूचनेसाठी?"

मग त्यांनी माणसांना बाहेर जायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. अण्णांचा आवाज खाली आला की ओळखायचं, आता सौदा आहे.

"हे बघ सौम्या. तुझा बाप मारुती माझ्या वर्गातला. तू आमचीच पोरगी. तू केलंस असं मी म्हणत न्हाय. त्या ईरण्णानं मराठी काढायला लावली, एवढंच उद्या ग्रामसभेत सांग. ही पेटी टेबलावर ठिवतो. तू हात लावू नको, निसतं बटन दाब. लोकास्नी ऐकू दे. तुझा ठराव मी त्याच सभेत घालतो."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"तर मग तू केलंस."

मी ऑफिसात आले. साहेब माझ्याच खुर्चीवर बसले होते, माझ्या कॉम्प्युटरपुढं. शेजारी आमचे दोन जुने स्पीकर. त्यांनी फाईल लावली. माझाच आवाज. स्वच्छ, ठणठणीत मराठी. कन्नडचा एक शब्द नाही.

साहेब कन्नडमध्ये बोलले, इथं मी मराठीत लिहिते. "हे काय आहे?"

मी वाकून डाव्या स्पीकरची वायर वर काढून दाखवली. उंदरानं खाल्लेली. आतली तांब्याची तार बाहेर आली होती. "सर, हा बंद आहे. कन्नड ह्यातून येणार होती."

"हा बंद आहे हे आज कळलं?"

"सर, आपण कधी काही ऐकतच नाही ह्यावर."

हे तोंडातून गेलं. साहेबांना राग आला नाही, त्यांना घाम आला होता. तालुक्याला व्हिडिओ पोचला होता. कुणीतरी गाडी पुढं गेल्यावर मागून काढलेला, मागच्या भोंग्याचा. फक्त मराठी. वरून फोन आला होता. साहेबांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला होता, जसा काही तो परत वाजला तर चावणार होता.

"लिहून दे," ते म्हणाले. "अध्यक्षांच्या दबावामुळं कन्नड काढली, असं. उद्या सभेत ह्याच स्पीकरवर लावून दाखव. तुझी सही मी उद्याच करतो." आणि मग हळू, "तंगी, मलाही पोरं आहेत. मला इथून उचलून कुठंतरी फेकतील."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्याकडं माणसाला अडकवायचं असलं की आधी नात्यात घेतात. अण्णांची मी पोरगी, साहेबांची मी बहीण.

"आणि गाडी थांबव," साहेब म्हणाले.

"सर, अर्ध्या गावाला अजून सांगायचंय. उद्यापासून पाणी बंद."

"आधी हे मिटू दे."

दुपारी पंचायतीच्या मागं गाडी उभी होती. मी आणि मंगल आक्का आत बसलो आणि ती फाईल सापडेल त्याच्यावर लावून बघत राहिलो. माझ्या मोबाईलच्या स्पीकरवर दोन्ही भाषा एकमेकींत घुसल्या, नळावर दोन बायका एकदम भांडल्यासारख्या, कुणाचं काही कळेना. त्याच मोबाईलवर दुसरं प्लेअर टाकलं, इयरफोन घातले, तर दोन्ही कान वेगळे, अगदी व्यवस्थित. मंगल आक्काच्या बटणाच्या फोनमध्ये कार्ड घातलं तर फक्त कन्नड. चहाच्या टपरीवरच्या रेडिओत पेन ड्राइव्ह खुपसला तर कन्नड मोठी आणि मराठी कुठंतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखी. फाईल एकच. तिच्यात काही खोट नव्हती. वाजवणाऱ्यानं आपल्याला झेपेल तेवढं उचललं आणि बाकीचं टाकून दिलं.

"मग दुरुस्त कर की," मंगल आक्का म्हणाली.

"दुरुस्ती दोन मिनिटांची हाय. दोन्ही भाषा दोन्ही बाजूंना टाकायच्या, एकीमागं एक. कुठल्याबी डबड्यावर लाव, सगळं ऐकू येतंय."

"मग कर!"

"आधी कुठली?"

तिनं डोकं खाजवलं. मग म्हणाली, "दोन फायली कर. टेप आपोआप लावील. आपण हात झटकायचे."

टेप नावाच्या क्रमानं लावतं. इंग्रजीत लिहा नाहीतर आपल्या अक्षरांत लिहा, कन्नडचा क मराठीच्या म च्या आधीच येतो. मी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "मराठीच्या नावाला पुढं अ लाव." साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, "मग कन्नडलाही लाव." आता दोन्ही नावांना अ लागला, आणि अ च्या मागं परत क आणि म.

"शफल लाव की गं," मंगल आक्का वैतागून म्हणाली. "नशिबात आसंल ती लागंल."

ते मला पटलं. मी दोघांनाही विचारलं. अण्णा म्हणाले, नको. साहेब म्हणाले, नको. वर्षात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं आणि तेही नशिबाच्या विरुद्ध.

तेव्हा मला समजलं की मी फाईल दुरुस्त करत बसले होते आणि बिघाड फाईलमध्ये नव्हताच. दोघांनाही माहीत होतं की दुसरी बाजू आहे. मीच सांगितलं होतं, वायर दाखवून, पेटी दाखवून. त्यांना ती ऐकायची नव्हती. अण्णांना मराठी हरवलेली पाहिजे होती आणि साहेबांना कन्नड हरवलेली. सापडली असती तर दोघांचं नुकसान होतं. ह्या सीमेच्या पट्ट्यात असा एक माणूस मला दाखवा ज्याला दोन्ही भाषा कळत नाहीत. अण्णा बाजारात भाव कन्नडमध्ये करतात. साहेब आमच्या टपरीवर चहा मराठीत मागतात, आणि साखर कमी घाल म्हणून शिवीपण मराठीत देतात.

संध्याकाळी मी आमच्या गल्लीत घरोघर सांगितलं, पाणी भरून ठेवा. आईनं पडवीतली दोन्ही पिंपं भरली. मग मी वरच्या गल्लीकडं निघाले, तर अण्णांचा माणूस मोटरसायकल आडवी घालून उभा. "सभेपतोर तोंड उघडू नको म्हणालेत अण्णा. उगं काय बोललीस तर लोक धरून बसतील." मी मागं वळले तोवर साहेबांचा मेसेज, कन्नडमध्ये. अधिकृत सूचनेशिवाय कर्मचाऱ्यांनी परस्पर काही सांगू नये.

म्हणजे मी बोलले तर नोकरी जाणार, आणि गप्प बसले तर राहील, असं नव्हतं. गप्प बसले तरी जाणारच होती. फक्त कोण घालवणार एवढाच प्रश्न होता. मी घरी गेले. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि मला परत सांगावंसं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी समुदाय भवनात ग्रामसभा. एरवी ग्रामसभेला माणसं गोळा करायला जीव जातो. त्या दिवशी भिंतीला टेकायला जागा नव्हती. आपोआप दोन बाजू पडल्या होत्या. मधून चालायला वाट ठेवली होती, आणि ती वाट सरळ टेबलाशी येत होती. टेबलावर अण्णांची लाल पेटी. तिच्या शेजारी आमचे दोन स्पीकर, एक जिवंत, एक मेलेला. पेटीखाली मराठीत लिहिलेला एक कागद, स्पीकरखाली कन्नडमध्ये लिहिलेला एक कागद. दोन्हींच्या तळाला माझं नाव आणि सहीची रेघ.

"लाव," अण्णा म्हणाले.

"कशावर?"

एवढंच विचारलं मी.  पेटीला जोडली तर साहेब संपले आणि सहीपण. स्पीकरला जोडली तर अण्णा संपले आणि ठरावपण.

मी पर्समधून वायरीचे इयरफोन काढले. उजवं टोक अण्णांच्या हातात दिलं, डावं साहेबांच्या. "दोघांनी कानात घाला."

वायर आखूड होती. दोघांना खुर्च्या सरकवाव्या लागल्या. तरी पुरेना. मग दोन डोकी एकमेकांच्या जवळ आणावी लागली, फोटो काढताना नवरा-नवरीची आणतात तशी. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी बटण दाबलं.

चाळीसेक सेकंदांची फाईल. मी दोघांचे चेहरे बघत होते. अण्णांच्या कानात माझी मराठी चालली होती, साहेबांच्या कानात माझी कन्नड. अण्णांनी मध्येच मान हलवली, चांगलं वाचलंय असं वाटलं की माणूस हलवतो तशी.

"आली का अण्णा?"

"आली," अण्णा पुटपुटले.

"सर?"

"बंतु," साहेब म्हणाले. आली.

त्या एका क्षणाला मला वाटलं, सुटले.

मग अण्णांनी टोक कानातून काढलं आणि मागं बसलेल्या माणसांकडं बघितलं. सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती. एवढी माणसं गोळा करून आणून आता "आली" म्हणायचं कसं? अण्णांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, "मला आली! पर लोकास्नी कुठं आली? माझ्या लोकांनी पेटीवर ऐकलंय!"

साहेब लगेच म्हणाले, "कानातला पुरावा मी वर कसा पाठवू? रिपोर्टमध्ये कान जोडू का?"

इयरफोन टेबलावर पडले. फाईल अजून चालूच होती. दोन बारीक आवाज त्या टोकांतून बाहेर येत होते, मुंगीएवढे. दोन्ही माझेच. पाणी बंद, पाणी बंद.

तेवढ्यात दारात घागरी वाजल्या. वरच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या, पुढं शांतव्वा. तिनं रिकामी घागर टेबलावर आदळली. लाल पेटी कलंडली.

"ए सौम्या! आमच्या नळातनं निसता वारा याय लागलाय. पोरांची तोंडं धुतली न्हाईत. आन् तुझ्या आईच्या पडवीत दोन पिंपं गच्च भरलेली? तुला म्हाईत व्हतं, व्हय न्हवं?"

"व्हय काकू."

"मग आमच्या गल्लीत गाडी का आली न्हाई?"

आता बघा गंमत. अण्णा म्हणाले, "सांग की, का न्हाय आली?" साहेब म्हणाले, "हेळु, हेळु." सांग, सांग. दोघंही माझ्या विरुद्ध तिच्या बाजूनं झाले. भवनातल्या साऱ्या बाया-बापड्या माझ्याकडं बघत होत्या, आणि पोरांनी मोबाईल वर धरले होते. दोन्ही बाजूंच्या पोरांनी. शांतव्वाच्या घागरीकडं कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्या ओठांवर होत्या, आता हे उघडल्यावर आधी कुठली भाषा पडते ते धरायला.

फाईलला मी डावं-उजवं करू शकले होते. तोंडाला करता येत नाही. त्यात एकच स्पीकर असतो. मी तोंड मिटूनच उभी राहिले.  बोलायचं तर आहे आणि एक शब्द काढायचा म्हणजे एका कागदावर सही करायची.

शांतव्वानं घागर परत उचलली. "अगं बोल की! मुकी झालीस काय?"

आणि मी बोलले. नळावर आम्ही बोलतो तसं. "काकू, नळक्क नीर बरंगिल्ला, शुक्रवारपतोर. टाकी धुवायलेत. देवळाच्या विहिरीचं काढा, पर कायिसकोंडु कुडीरी, पोरांस्नी तसंच देऊ नका." नळाला शुक्रवारपर्यंत पाणी नाही, विहिरीचं काढा पण उकळून प्या. अर्धं ह्या भाषेतलं, अर्धं त्या, कुठं काय जोडलं मलाच कळलं नाही.

शांतव्वानं मानसुद्धा हलवली नाही. तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. ती दाराकडं वळली आणि बाहेरच्या बायकांना ओरडली, "शुक्रवारपतोर न्हाय गं! विहिरीकडं चला!" घागरी वाजत गेल्या. सभा संपायच्या आत ते सगळ्या गावाला कळलं होतं. भोंगा नाही, फाईल नाही.

पण सभा संपली नव्हती.

"ही कुठली भाषा?" एका बाजूनं कुणीतरी म्हणालं.

"आमची भाषा बाटवली," दुसऱ्या बाजूनं आलं. मग पहिल्या बाजूनंही तेच आलं. थोड्या वेळानं दोन्ही बाजू माझ्यावर ओरडत होत्या, एकमेकांवर नाही. अण्णांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी अण्णांकडं बघितलं. मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या दोघांची सुटका झाली.

अण्णांनी टेबलावरचा मराठी कागद उचलून फाडला. साहेबांनी कन्नड कागद घडी घालून खिशात टाकला. नवा ठराव अण्णा मराठीत बोलले, साहेबांनी कन्नडमध्ये लिहून घेतला, आणि एकदाही कुणी कुणाला अडवलं नाही. दोन्ही भाषांचा अवमान केल्याबद्दल सदर महिलेस कायम करण्याचा प्रस्ताव रद्द. हात वर करा. दोन्ही बाजूंचे हात वर गेले. मला ठराव पाहिजे होता, मिळाला. सही पाहिजे होती, साहेबांनी जागच्या जागी करतो म्हणून सांगितलं.

"सर, मग मी उद्यापासून येऊ नको ना?" मी विचारलं. खरं सांगते, विचारताना बरं वाटलं होतं.

साहेब दचकले. उतारे कोण काढणार? अंगठे कोण घेणार? अण्णा साहेबांच्या कानाशी वाकले, ह्या वेळी वायरीशिवाय. शेवटी एक ओळ वाढवली. दोन्ही भाषा शुद्ध येणारी दुसरी व्यक्ती मिळेपर्यंत सदर महिलेने आहे त्याच अटींवर काम चालू ठेवावे.

शुद्ध. दोन्ही. अशी व्यक्ती ह्या पट्ट्यात अजून जन्माला आलेली नाही. आणि आली असती तर ती आमच्या पंचायतीत अर्ज करायला वेडी आहे काय?

आप्पांच्या औषधाचा डबा डोळ्यांपुढं आला. मी इयरफोन गुंडाळून पर्समध्ये टाकले.

ठराव टाईप मलाच करायचा होता. दुसऱ्या कुणाला येत नाही. ऑफिसात मी कॉम्प्युटर चालू केला, दोघं माझ्या मागं उभे राहिले, एक ह्या खांद्यामागं, एक त्या.

"आधी कुठली टाकू?" मी विचारलं.

दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांना खुणावत राहिले. 

"दोन रकाने कर," शेवटी साहेब म्हणाले. "शेजारी-शेजारी."

"व्हय," अण्णा म्हणाले. "एका उंचीचे कर. वर-खाली नको."

मी दोन रकाने पाडले. डाव्या बाजूला कन्नड, उजव्या बाजूला मराठी. दोन्ही एकाच ओळीवर सुरू, एकाच ओळीवर संपलेले. दोघांनी वाकून वाचलं आणि दोघंही खूश झाले. साहेब म्हणाले, हे बरं सुचलं. मी प्रिंट दिली.

कागद अर्धा बाहेर आला आणि अडकला. बरोबर मध्ये.

"सौम्या," दोघांनी एकदम हाक मारली.

मी उठले आणि प्रिंटरचं झाकण उघडलं.